एकट्याची, वरून झाकलेली लाकडी कॅनो: नागपुरात घरी कशी बांधायची

नागपुरात नाव बांधतोय म्हटलं की लोक आधी विचारतात, पाणी कुठे आहे? पाणी भरपूर आहे. रामटेकजवळ खिंडसी आहे, पारशिवनीकडे नवेगाव खैरी आहे आणि भंडारा-गोंदियाच्या बाजूला जुन्या मालगुजारांनी बांधलेल्या मालगुजारी तलावांची गणतीच नाही. त्या तलावांवर ढिवर बांधव पिढ्यानपिढ्या डोंगा वल्हवत आले आहेत. इथे नाव बांधणाऱ्याला सांभाळावी लागते ती हवा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, जुलै-ऑगस्टमध्ये भिंतीला ओल येते आणि जानेवारीच्या पहाटे तापमान दहा अंशांच्या आसपास उतरतं. प्लायवूड आणि इपॉक्सी रेझिन (हार्डनर मिसळला की कडक होणारं चिकट द्रव्य) दोघंही या हवेप्रमाणे वागतात. परदेशी नकाशे आणि पुस्तकं थंड देशांत लिहिलेली असल्यामुळे त्यांत हे येत नाही. म्हणून या लेखात मापं आणि कृती आहेतच, पण कोणतं काम कोणत्या महिन्यात आणि दिवसाच्या कोणत्या वेळी करायचं, यावर माझा जास्त भर आहे.

वरून झाकलेली का?

उघडी कॅनो, म्हणजे हातातल्या वल्ह्याने चालवायची अरुंद नाव, बांधायला सोपी असते. तरी मोठ्या तलावावर दुपारनंतर वारा सुटला की छोट्या लाटा काठावरून आत येऊ लागतात, आणि एकटा माणूस वल्हवत असताना पाणी उपसायला हात मोकळा नसतो. पुढचा आणि मागचा भाग डेकने झाकला की लाट वरून निघून जाते. त्या डेकखाली हवाबंद कप्पेही मिळतात, म्हणजे नाव उलटली तरी बुडत नाही. ही कल्पना जुनी आहे. १८६५ साली जॉन मॅकग्रेगर नावाच्या लंडनच्या वकिलाने 'रॉब रॉय' नावाची अशीच झाकलेली कॅनो घेऊन युरोपातल्या नद्यांवर प्रवास केला. ती १५ फूट लांब आणि २८ इंच रुंद होती, अंग ओकचं, डेक सीडरचा, आणि दोन्ही टोकांना पातं असलेल्या एकाच वल्ह्याने ती चालायची. आपल्या नावेची रुंदी जवळपास तेवढीच आहे.

बांधणीची पद्धत मात्र पुढच्या शतकातली आहे. प्लायच्या पट्ट्या कापायच्या, कडेने भोकं पाडून तांब्याच्या तारेने शिवायच्या आणि सांध्यात इपॉक्सी भरायचं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांच्या 'मिरर' या शिडाच्या छोट्या होडीमुळे ही पद्धत घराघरांत पोचली. फळ्या काथ्याने शिवून नाव बांधायची रीत आपल्या पश्चिम किनाऱ्यावर त्याच्या कितीतरी आधीपासून आहे, त्यामुळे शिवलेली नाव ही आपल्याकडे परकी गोष्ट नाही.

वर्षाचं वेळापत्रक

दसऱ्याला सुरुवात करा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हवा कोरडी असते आणि तापमान रेझिनला मानवतं. शिवणं, सांधे भरणं, काच-कापड चढवणं ही कामं याच दोन महिन्यांत उरकायची. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत रात्री थंड असतात आणि रेझिन दोन-दोन दिवस चिकट राहतं. तेव्हा सुतारकाम काढायचं: वल्हं, काठाच्या पट्ट्या, डेकखालच्या दांड्या. फेब्रुवारीत डेक बसवायचा, शेवटचे हात द्यायचे आणि होळीच्या आत रंग संपवायचा. मार्च संपला की रेझिनचा डबा उघडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, तर सोडाच, एप्रिलमध्येच मी एकदा प्लास्टिकच्या मगात तीनशे ग्रॅम रेझिन एकत्र कालवलं होतं. चार-पाच मिनिटांत मगातून धूर निघाला आणि मगाचा तळ वितळून फरशीला चिकटला. तापमान दहा अंशांनी वाढलं की रेझिनचा कामाचा वेळ साधारण निम्मा होतो, हा हिशेब तेव्हापासून मी कधी विसरलो नाही.

पावसाळ्यातही हे काम नको. ओल्या हवेत इपॉक्सीच्या पृष्ठभागावर मेणासारखा पातळ थर येतो आणि त्यावर पुढचा हात नीट धरत नाही. असा थर कधीही जाणवला, बोट फिरवल्यावर बुळबुळीत लागलं, तर आधी साध्या पाण्याने आणि घासणीने धुऊन काढा, वाळवा, मगच पॉलिश पेपर मारा. न धुता पेपर मारला तर ते मेण लाकडात घोटलं जातं. याच कारणाने कामाच्या जागी कूलर लावू नका. घामाघूम व्हायला होतं हे खरं, पण कूलर खोलीत पावसाळाच आणतो. पंखा चालतो.

सामान

प्लायच्या तीन शीट लागतात, आठ बाय चारच्या. तळासाठी ६ मिमीची एक, आणि बाजू व डेकसाठी ४ मिमीच्या दोन. प्लाय मरीनच घ्या, म्हणजे आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असलेलं. लकडगंजात मागितलं की मिळतं, पण शिक्क्यावर थांबू नका. आयएस ७१० च्या कसोटीत तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात. घरी आपण निदान सहा-आठ तास उकळून बघू शकतो. दुकानातून तळहाताएवढा तुकडा आणा, जुन्या पातेल्यात उकळा, उन्हात वाळवा, पुन्हा उकळा. थर सुटले किंवा फुगवटा आला तर ते प्लाय परत करा. मी एकदा शिक्का बघूनच विश्वास ठेवला होता, आणि तीन तासांत तुकड्याची पानं पुस्तकासारखी सुटी झाली. शीट उभी धरून कडेकडेने बघा. मधल्या थरात पोकळी असेल तर तिथे काळी फट दिसते. नेमक्या तिथेच वाकवताना प्लाय तुटतं.

रेझिन इपॉक्सी हवं. फायबरच्या दुकानात स्वस्त पॉलिस्टर रेझिन पुढे करतील. ते लाकडाला इपॉक्सीसारखं धरून राहत नाही, दोन-तीन पावसाळ्यांत सोलून निघतं. आपल्याकडे सहज मिळणारी जोडी म्हणजे एलवाय ५५६ रेझिन आणि एचवाय ९५१ हार्डनर. वजनाने १०० ग्रॅमला १० ग्रॅम. हे प्रमाण अंदाजाने घ्यायचं नाही. एक ग्रॅम दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा घ्या आणि तो पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका. हार्डनर जास्त घातला म्हणजे लवकर वाळेल, असं होत नाही. उलट सांधा कायमचा कच्चा राहतो. दुसऱ्या जातीचं रेझिन घेतलंत तर प्रमाण डब्यावरचं.

काचेचं कापड विणलेलं, चौरस मीटरला २०० ग्रॅमचं घ्या. दुकानदार 'मॅट' देईल ते नको. मॅटमधले सुटे धागे ज्या चिकटद्रव्याने एकत्र ठेवलेले असतात ते पॉलिस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतं. इपॉक्सीत विरघळत नाही, त्यामुळे मॅट ताठ राहते आणि कोपऱ्यात बसत नाही.

तार तांब्याची, साधारण १८ गेजची. ती मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात किलोवर मिळते, आणि कूलरच्या या शहरात असं दुकान गल्लोगल्ली आहे. काठाच्या पट्ट्यांसाठी सागवान घ्या. आलापल्ली, बल्लारशाकडचं चांगलं सागवान आपल्या दाराशी असताना दुसरं शोधायचं कारण नाही. मात्र सागवानात तेल असतं. रेझिन लावायच्या लगेच आधी ॲसिटोनमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसून घ्या.

हत्यारं साधी आहेत: जिगसॉ, ड्रिल, हातरंधा, गुण्या, पटाशी, पक्कड, आणि जितके मिळतील तितके क्लॅम्प. क्लॅम्प नेहमी कमी पडतात. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्या कापून ठेवा, फार उपयोगी येतात. दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन साठवा. पॉलिथिनला इपॉक्सी चिकटत नाही, म्हणून सांध्याखाली आणि क्लॅम्पखाली ठेवायला त्यांच्याइतकं सोयीचं काही नाही.

नायट्रिलचे हातमोजे आणि चांगला मास्क याबाबत हयगय करू नका. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की आयुष्यभर राहते. हाताला लागलंच तर थिनरने पुसू नका, थिनर ते कातडीत आत नेतो. आधी कोरड्या कापडाने पुसा, मग साबण लावून चोळा.

आधी कागदाची नाव

प्लायला करवत लावण्याआधी जाड कार्डशीटची एक दशांश मापाची नाव बनवा. एका संध्याकाळचं काम आहे, पण हे टाळणाऱ्याला नाव कशी वाकते ते कळतच नाही. मूळ मापं अशी: प्रत्येक बाजूची पट्टी वरच्या कडेने ४१०० मिमी लांब, खालच्या कडेने सुमारे ३९४०, म्हणजे दोन्ही टोकं तिरकी. टोकांना पट्टीची रुंदी ३०० मिमी. मध्यभागी नाव वर ७०० मिमी रुंद, तळाशी ५८०. कार्डशीटवर हे सगळं भागिले दहा.

दोन पट्ट्यांची टोकं चिकटवा, मध्ये ७ आणि ५.८ सेंटीमीटरचा समलंब चौकोन अडकवा आणि नाव टेबलावर ठेवा. खालची कड तुम्ही सरळ कापली होती, तरी नावेची दोन्ही टोकं टेबलापासून वर उचललेली दिसतील. बाजू बाहेर कललेली असते म्हणून वाकताना टोकं आत येतात आणि आत येता येता वर चढतात. प्रत्यक्ष मापात ही उचल सुमारे ७० मिमी होते. वळणाच्या नदीला ती चांगली, पण तलावावर अशी नाव वाऱ्याबरोबर भिरभिरते. म्हणून खालच्या कडेला मध्यभागी ४० मिमी खोल, टोकांकडे शून्यावर येणारा लांबसडक गोलवा कापून काढायचा. मग मधली रुंदी २६० मिमी राहते आणि उचल तीस मिमीच्या आसपास येते. दोन्ही प्रकारची कार्डशीटची नाव करून शेजारी ठेवा. हा फरक शब्दांत सांगून कळत नाही, हातात धरला की लगेच कळतो.

वजनाचा हिशेबही इथेच करून टाकू. आपलं प्लाय चौरस मीटरला चार मिमी जाडीत सुमारे तीन किलो भरतं. सगळं मिळून नाव २५ ते २८ किलो होईल. सत्तर किलोचा माणूस आणि पाच किलो सामान धरलं तर एकूण शंभरेक किलो, म्हणजे शंभर लिटर पाणी बाजूला सारावं लागेल. एवढ्या तळाला त्यासाठी सात-आठ सेंटीमीटर बुडावं लागतं. बाजूची मधली उंची पंचवीस सेंटीमीटर असल्यामुळे वर सतरा सेंटीमीटर शिल्लक राहते.

कापणं आणि जोडणं

४ मिमीच्या एका शीटमधून लांबीने ३०० मिमीच्या चार पट्ट्या निघतात, १२२० मध्ये करवतीची झीज धरून बरोबर बसतात. दोन पट्ट्या अख्ख्या ठेवा, उरलेल्या दोन १७०० मिमीवर कापा. अख्खी अधिक तुकडा मिळून एक बाजू. उरलेले ७४० मिमीचे दोन तुकडे टाकू नका, आतल्या दोन पडद्यांना, म्हणजे हवाबंद कप्पे वेगळे करणाऱ्या आडव्या भिंतींना, तेच लागणार आहेत. दुसऱ्या बाजूला जोड उलट्या टोकाकडे येऊ द्या, म्हणजे दोन्ही जोड समोरासमोर येत नाहीत.

जोड तिरका हवा. ४ मिमी जाडीला ३२ मिमी लांबीचा उतार. दोन पट्ट्या एकमेकींवर पायरीसारख्या, ३२ मिमी मागेपुढे ठेवून टेबलाच्या कडेला क्लॅम्प करा आणि रंध्याने दोन्हींचा उतार एकदमच काढा. इथे प्लाय स्वतःच माप सांगतं. उतारावर थरांच्या रेघा उमटतात. त्या सरळ आणि समांतर असतील तर उतार सारखा आला, कुठे पोटाशी वाकल्या तर तिथे रंधा जास्त बसला. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा शेजारच्या सुतारकाकांनी माझ्या हातून रंधा घेतला, पातं एका सुताच्याही आत आणलं आणि म्हणाले, "जोर लावू नको बापू, पात्याला धार लाव." दोन पट्ट्यांवर आधी पातळ रेझिन फिरवा, ते मुरलं की लाकडाचं पीठ मिसळून घट्ट केलेलं रेझिन लावा (कृती पुढे 'सांधे भरणं'मध्ये), वरखाली दुधाची पिशवी, मग फळी आणि क्लॅम्प. चोवीस तास हात लावू नका. क्लॅम्प इतका आवळू नका की सगळं रेझिन बाहेर येईल.

दोन्ही बाजू तयार झाल्या की एकमेकींवर ठेवून पाव इंचाच्या लवचीक रिपेने गोलवा आखा आणि दोन्ही एकत्रच कापा. रीप खिळ्यांमध्ये सोडून जमिनीलगत डोळा लावून बघा. कुठे गचका दिसला तर खिळा काढा, रीप स्वतः वळण घेते. या कामात डोळ्यावर मापापेक्षा जास्त भरवसा ठेवावा.

शिवणं

हा भाग सगळ्यात आनंदाचा आहे. सकाळी जमिनीवर सपाट पट्ट्या असतात आणि दुपारी जेवायच्या वेळेपर्यंत समोर नाव उभी असते.

टोकांना कडेपासून ८ मिमी आत, ७५ मिमीच्या अंतराने २ मिमीची भोकं पाडा. जाड भंगार प्लायचा मधला साचा करा: वर ७००, खाली ५८०, तिरकी उंची २६०. पुढचं टोक तारेने सैल शिवा, मग दोन्ही बाजू साच्याभोवती वाकवत मागे आणा. दोन माणसं हवीत. टोकं जवळ येईनात तर त्यांच्याभोवती दोरी गुंडाळा, मध्ये काठी घाला आणि पीळ देत जा, बाजेची दावण आवळतात तसं. हळूहळू आणा, प्लाय कुरकुरेल. कुरकुर चालते, कटकन आवाज आला तर थांबा.

आता साच्यापासून पुढे ७५० आणि मागे ६५० मिमीवर आतली रुंदी वर-खाली मोजा आणि त्या मापाचे दोन पडदे, उरलेल्या ७४० च्या तुकड्यांतून कापून, बसवा. मापं आधीपासून ठरवत बसायची गरज नाही, वाकलेली बाजूच ती सांगते. नाव उलटी करा. ६ मिमीच्या शीटचे लांबीने दोन अर्धे करून, जोडाच्या आतल्या अंगाला दीडशे मिमी रुंद पट्टी चिकटवून तळाची लांब फळी आधीच तयार ठेवलेली असेल. ती वर ठेवा, खालून पेन्सिल फिरवा, रेघेबाहेर एक सूत ठेवून कापा. मग दर १५० मिमीवर भोक पाडून तळ बाजूंना शिवा. सगळे टाके आधी सैल घाला. शेवटचा टाका घातल्यावर पुन्हा पहिल्यापासून पक्कडीने अर्धा-अर्धा पीळ देत या.

घट्ट करण्याआधी पिळवट बघा. दोन सरळ पट्ट्या घ्या, एक पुढच्या पडद्यावर आणि एक मागच्या पडद्यावर आडवी ठेवा. चार पावलं मागे जाऊन, एक डोळा मिटून, एका पट्टीच्या वरून दुसरी बघा. दोन्ही समांतर दिसल्या पाहिजेत. एक कोपरा वर दिसला तर नाव पिळलेली आहे. खाली पाचर सरकवा, विरुद्ध बाजूचे टाके सैल करा, पुन्हा बघा. मग टोकापासून टोकापर्यंत दोरी ताणून साच्याच्या मध्यावर खूण जुळते का तेही बघा. मला या बघण्यात पूर्ण अडीच तास गेले आणि त्याचं मला समाधान आहे. सांधा भरल्यावर पिळवट जन्मभराची होते आणि अशी नाव सतत एका बाजूला वळत राहते.

सांधे भरणं

रेझिनमध्ये सँडरमधून निघालेलं बारीक लाकडाचं पीठ चाळून मिसळा, थोडं एरोसिल (रेझिन घट्ट करणारी सिलिकाची हलकी भुकटी) घाला. घट्टपणा चक्क्यासारखा हवा. चमचा उलटा केला तर पडू नये, आणि बोटाने ओढलं तर टोक उभं राहावं. आधी टाक्यांच्या मध्ये मध्ये छोटे ठिपके देऊन नाव धरून ठेवा, वाळू द्या, तार काढून टाका. एखादी तार अडली तर मेणबत्तीने टोक तापवा, सुटते. मग सबंध सांध्यात मसाला भरून गोलसर चमच्याच्या पाठीने एका ओढीत गुळगुळीत करा. गोलवा साधारण १५ मिमी त्रिज्येचा पुरे. त्याहून मोठा केला तर ताकद वाढत नाही, वजन मात्र वाढतं. मसाला ओला असतानाच त्यावर ७५ मिमी रुंद काच-पट्टी बसवली तर मधे घासायचं एक काम वाचतं.

रेझिन नेहमी शंभर ग्रॅमच कालवा आणि लगेच पसरट थाळीत ओता. खोल मगात स्वतःची उष्णता अडकून ते पेटल्यासारखं तापतं, पसरलं की गार राहतं.

आता वेळेबद्दल, कारण इथे बहुतेकांचं चुकतं. लाकडात हवा असते. सकाळी नऊला तुम्ही रेझिन लावलंत आणि दुपारी दोनपर्यंत तापमान बारा अंशांनी चढलं, तर ती हवा फुगून ओल्या रेझिनमधून बुडबुडे काढत बाहेर येते. संध्याकाळी बघावं तर सगळा पृष्ठभाग टाचणीने टोचल्यासारखा होतो. म्हणून उघड्या लाकडावरचा पहिला हात कायम सायंकाळी, ऊन कललं की. तापमान उतरत असताना लाकूड श्वास आत घेतं आणि रेझिनही आत ओढून घेतं. नाव दिवसभर सावलीतच असली पाहिजे.

बाहेरून तळावर काच-कापड चढवा आणि ते बाजूंवर ७५ मिमी उतरवा. कोरडं कापड आधी पसरून हाताने सुरकुत्या काढा. मधोमध रेझिन ओता, जुन्या एटीएम कार्डाने कडेकडे सरकवा. भिजलेलं कापड दिसेनासं होतं, खालचं लाकूड स्वच्छ दिसतं. पांढुरका डाग म्हणजे कोरडं राहिलंय. आरशासारखी चमक म्हणजे रेझिन जास्त झालं, ते ओढून काढा. विणीचा पोत हाताला जाणवला पाहिजे, तो पुढच्या दोन हातांत भरतो. दोन्ही टोकांना कापडाचे दोन थर द्या, काठावर घासतं ते तेच. मागच्या टोकाखाली ६ मिमी प्लायचं ४०० मिमी लांब, ७० मिमी खोल त्रिकोणी पातं उभं चिकटवा. सपाट तळाची नाव याच्यामुळे रेषेत चालते.

काठ आणि डेक

वरच्या कडेला आतून आणि बाहेरून २० बाय १२ मिमीच्या सागवानी पट्ट्या लावा, दर १५० मिमीवर एक क्लॅम्प. मधला साचा यानंतरच काढा.

डेक दोन अर्ध्यांचा करतो आपण. मधोमध टोकापासून पडद्यापर्यंत एक दांडी, काठापेक्षा ४० मिमी उंच, म्हणजे डेकला छपरासारखा उतार येतो आणि पाणी थांबत नाही. पडद्यांच्या वरच्या कडेलाही तेवढाच उतार वाढवून घ्या. डेक बसवायच्या आधी आतल्या सगळ्या पृष्ठभागाला आणि डेकच्या खालच्या अंगाला दोन हात रेझिन. एकदा झाकलं की तिथे हात पोचत नाही. मग काठावर आणि दांडीवर घट्ट मसाला, वर डेकचा अर्धा भाग, आणि सायकल ट्यूबच्या पट्ट्या नावेभोवती करकचून गुंडाळा. खिळे लागत नाहीत. बसायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना १०० मिमी रुंद डेकची पट्टी येऊ द्या आणि उघड्या भागाभोवती चाळीसेक मिमी उंच कड उभी करा. ही कड लाट अडवते.

प्रत्येक पडद्यात स्क्रूच्या झाकणाचं गोल हॅच बसवा, आणि त्याशिवाय पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात २ मिमीचं एक भोक ठेवा. हे भोक विसरू नका. हवाबंद कप्पा सकाळी २० अंशांवर बंद केला आणि नाव गाडीच्या टपावर उन्हात ६० अंशांपर्यंत तापली तर आतल्या हवेचा दाब सुमारे १४ टक्के वाढतो. ऐकायला थोडा वाटतो, पण पडद्याएवढ्या क्षेत्रावर त्याचं ओझं दीडशे किलोच्या वर जातं. माझ्या पहिल्या नावेचा मागचा पडदा रामटेकच्या रस्त्यावर असाच सुटला. हॅच तर नेताना आणि ठेवताना उघडंच ठेवा.

रंग

इपॉक्सीला ऊन सोसत नाही, वर्षभरात पिवळं पडून भुगा सुटतो. त्यामुळे रंग किंवा यूव्ही रोखणारं वॉर्निश लागतंच. डेक पांढरा किंवा फिकट ठेवा. घरगुती तापमानाला वाळलेलं इपॉक्सी साधारण ५०-६० अंशांपासून मऊ पडू लागतं, आणि काळा किंवा गडद हिरवा डेक आपल्या उन्हात त्याच्या वर सहज जातो. लाकडाचा रंग दिसावा असं वाटत असेल तर वॉर्निश फक्त सागवानी काठाला द्या.

वल्हं दोन पात्यांचं, २३० ते २४० सेंटीमीटर लांब. दांडा हलक्या पाइनचा, ३० मिमी गोल, पाती उरलेल्या ४ मिमी प्लायची, ४५० बाय १६०.

पाण्यावर

घरीच प्रत्येक कप्प्यात पाच लिटर पाणी ओता, तासभर नाव दोन टायरवर ठेवा आणि बाहेरून सांध्यांवर कोरडा वर्तमानपत्राचा कागद फिरवा. ओल उमटली तर तिथे खूण करा आणि पूर्ण वाळल्यावर बुजवा.

तलाव निवडताना आधी विचारा. पेंच व्याघ्र प्रकल्पातलं तोतलाडोह आपल्यासाठी नाही. शहरातल्या तलावांना महापालिकेची परवानगी लागते. गावच्या तलावावर मासेमारी संस्थेचा ठेका असतो, जाळी लावलेली असतात, शिंगाड्याची शेती असते. तिथल्या लोकांना आधी भेटा, कुठून उतरायचं ते तेच सांगतील आणि बहुतेक वेळा हातभारही लावतील. सकाळी सातच्या आत उतरा, तेव्हा पाणी आरशासारखं असतं. लाइफ जॅकेट अंगात, नुसतं जवळ नव्हे. सोबत स्पंज आणि दहा मीटर दोरी. कमरेएवढ्या पाण्यात, सोबतीला माणूस उभा करून, नाव मुद्दाम एकदा उलटी करा. दोन्ही कप्प्यांवर ती तरंगते हे स्वतः बघा आणि पाणी काढून पुन्हा आत चढायचा सराव तिथेच करून घ्या.

बसायची पाटी या दिवसापर्यंत चिकटवू नका. तळापासून पाच सेंटीमीटर उंचीवर ती नुसती ठेवा, मागच्या पडद्याच्या थोडी पुढे. तुम्ही बसा आणि काठावरच्या माणसाला सांगा की पुढच्या आणि मागच्या टोकाला पाणी कुठे टेकतंय तिथे पेन्सिलने खूण कर. मागचं टोक एखादं बोट जास्त बुडालेलं चांगलं. त्याहून जास्त बुडालं असेल तर पाटी दोन-दोन सेंटीमीटर पुढे सरकवत जा. जिथे जुळेल तिथे पाटीच्या चारी कोपऱ्यांशी रेघ ओढा, नाव घरी आणा आणि त्या संध्याकाळी ऊन कललं की पाटी चिकटवा.